बागूल सरांची तयारी

बागूल सरांची सायकल गेल्या अकरा वर्षांत एकदाही पंक्चर झालेली नाही. हे त्यांच्या आयुष्यातलं मोठं दुःख आहे.

कारण तयारी सगळी आहे. आम्ही इंदिरानगरातली पाच-सहा माणसं दर रविवारी पहाटे सायकली घेऊन निघतो. बाकीच्यांच्या सीटखाली मुठीएवढी पिशवी असते. सरांच्या कॅरिअरला खाकी कॅनव्हासची बॅग असते आणि तिच्यात दोन ट्यूब, टायर उचकटायचे तीन लिव्हर, पंप, पॉलिश पेपर, सोल्यूशन, पॅच, काटा काढायचा चिमटा, टाल्कम पावडर, पाण्यासाठी स्टीलचं वाडगं, साबण, नॅपकिन आणि बसायला जुनं वर्तमानपत्र. शिवाय चहाचा थर्मास. सोल्यूशनच्या ट्यूबवर ती कधी उघडली त्याची तारीख लिहिलेली. एकदा मी सहज त्या वर्तमानपत्रात पोहे बांधून घेतले, तर म्हणाले, "मिलिंद, ते आपत्कालीन आहे."

सर पूर्वी एका तांत्रिक शाळेत फिटरचं काम शिकवायचे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण शिकवणं काही निवृत्त झालं नाही. निघण्याआधी ते प्रत्येकाचा टायर बाजारात कलिंगड बघावं तसा दाबून, वाजवून बघतात. आमच्यातले एक दातांचे डॉक्टर आहेत. त्यांच्याकडे लिव्हर नाही हे कळल्यावर सर नुसतं म्हणाले, "तयारी कुठाय, डॉक्टर?" त्या तीन शब्दांनी डॉक्टर शाळकरी झाले.

महिन्यातून एकदा सोसायटीच्या पार्किंगमध्ये तालीम असते. डोळे मिटून टायर काढायचा. "धुकं असलं तर? चष्मा पडला तर?" असं सरांचं म्हणणं. डॉक्टर जोर लावून टायर ओढायला लागले की सर कळवळतात, "उपटू नका हो! त्याला भूल दिलेली नाहीये."

त्यांचा सिद्धांत असा, की भोक बुजवणं म्हणजे पंक्चर काढणं नव्हे. भोक का पडलं, हे टायरला विचारायचं. टायरच्या आतून हळूच बोट फिरवायचं. काटा आत राहिला तर नवी ट्यूबसुद्धा पाच मिनिटांत पंक्चर होते.

पुढे डॉक्टरांनी ट्यूबलेस टायर घेतले. सरांना ते पक्षांतरच वाटलं. तीन रविवार ते डॉक्टरांशी फक्त हवामानाबद्दल बोलत होते.

यंदा जानेवारीत आम्ही देवळाली कॅम्पला निघालो होतो. वडनेर गेलं आणि माझं मागचं चाक फुसफुसलं. सराट्याचा काटा घुसला होता. मला वाईट वाटलं, पण सरांचा चेहरा लग्नघरासारखा उजळला. "मंडळी, तुम्ही व्हा पुढे," त्यांनी बाकीच्यांना सांगितलं. "आम्हाला वेळ लागेल."

आणि लागला. आधी वर्तमानपत्र अंथरलं. मग चहा. मग चाक काढलं, ट्यूबमध्ये थोडी हवा भरून ती गालाजवळ धरली. "बघ, इथं गार लागतं." तरी वाडग्यात पाणी ओतून बुडबुडे दाखवलेच. पॉलिश पेपर घासताना माझ्या आईच्या गुडघ्याची चौकशी झाली. सोल्यूशन सुकेपर्यंत मुलीच्या बारावीची. पॅच दाबून धरला तेव्हा मी नोकरी बदलावी की नाही, यावर चर्चा झाली. पावडर लावली, हवा भरली, थोडी सोडली, पुन्हा भरली. निघालो तेव्हा सव्वा तास झाला होता. थंडीने माझे पाय आखडले होते, आणि सर शीळ घालत होते.

कॅम्प जवळ आला तेव्हा रस्त्याच्या कडेला एक बाई सायकल धरून भराभर चालताना दिसली. मागचं चाक पार बसलेलं. सरांनी ब्रेक लावला.

"काय झालं, ताई?"

"पंक्चर झालीय बाबा. पोरगी ष्टेशनवर उभी हाय. मनमाडला पेपर हाय तिचा, आन् हॉल तिकीट घरीच राह्यलं." तिने पदराखालची प्लास्टिकची पिशवी घट्ट धरली. "साडेआठची गाडी हाय."

आठ वाजून सात मिनिटं झाली होती. स्टेशन अजून तीन किलोमीटर.

"द्या, मी नेऊन देतो," मी म्हणालो.

तिने मला खालून वर बघितलं. हेल्मेट, काळा चष्मा, गुडघ्यापर्यंतची घट्ट पँट. "नाय दादा," ती म्हणाली. "तुमाला वळखत नाय मी."

माझी सायकल तिला द्यावी, तर उंच दांड्यावरून साडीत टांग टाकणं तिला शक्य नव्हतं. सरांचीही तसलीच. तोवर सर खाली बसले होते, सरळ मातीत. सायकल उलटी केली, चाक काढलंच नाही. टायर एका बाजूने उचलला, ट्यूब ओढली, गालाला लावली, भोक सापडलं. चिमट्याने काटा निघाला, घासलं, सोल्यूशन लागलं, फुंकर, पॅच. बोट एकदा आतून सरसर फिरलं. पंप मारताना टोपी पडली ती त्यांनी उचलली नाही. तोंडातून एक शब्द नाही. तालमीतले बागूल सर हे नव्हेतच.

"बसा, ताई. जा."

मी घड्याळ बघितलं. आठ मिनिटं.

आम्ही तिच्या मागोमाग स्टेशनवर पोचलो तेव्हा गाडी नुकतीच हलली होती. बाई फलाटाच्या तोंडाशी उभी होती, धापा टाकत, डोळे पुसत. "दिलं बाबा! खिडकीतून दिलं तिच्या हातात." तिने वाकून सरांच्या पायाला हात लावला. सर इतके गोंधळले, की त्यांनी खाली बसून तिचा टायर दाबून बघितला.

ती गेल्यावर मी विचारलं, "सर, आठ मिनिटांत होतं हे. मग मला सव्वा तास का बसवलंत?"

ते बॅगेचा पट्टा आवळत राहिले. "तिला घाई होती," म्हणाले. जरा थांबून, "तुला घाई आहे असं वाटलं नाही मला. चुकलं का?"

मी हेल्मेट काढून हँडलला अडकवलं.

"बायको दीड वर्षापासून पुण्याला, मुलाकडे, नातवाला सांभाळायला," ते म्हणाले. "मलाही बोलवतात. गेलो होतो मी. सगळी चांगली आहेत, पण चपला घालता घालता बोलतात. इथं घरी तर तेही नाही. पंक्चर झाली की माणूस बसतो रे. त्याला जाताच येत नाही कुठं."

हे म्हणून ते स्वतःच ओशाळले आणि उगाच पंप पुसायला लागले.

घरी दहाला पाहुणे यायचे होते. स्टेशनसमोरच्या हॉटेलात भजी तळली जात होती.

"सर, भूक लागलीय. बसू या का?"

"तुला उशीर होईल."

"होईल," मी म्हणालो, आणि सायकल भिंतीला टेकवली.