गावडे सरांची इभ्रत

आमच्या कळंब्याच्या कॉलनीत कोट-टाय घालून कुंड्यांना शेणखत घालणारा माणूस एकच, ते म्हणजे गावडे सर. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून ते निवृत्त झाले, पण कोट काही निवृत्त झाला नाही. रानात झाडं हुडकायलाही ते असेच निघतात. मी एकदा म्हटलं, "सर, चिखलात कशाला कोट?" तर म्हणाले, "इभ्रत हाय की न्हाय काय?"

हे त्यांना शिकवलं एकोणिसाव्या शतकातल्या एका गोऱ्या वनस्पतिशास्त्रज्ञानं. सर त्याला 'आमचा साहेब' म्हणतात, जणू सोयरिकीतलाच आहे. साहेब मूळचा माळ्याचा मुलगा. मोठ्या लोकांच्या पंगतीला बसायला मिळावं म्हणून सह्याद्रीच्या पावसातही कोट उतरवायचा नाही. झाडांची चित्रं काढायला त्यानं इथलाच एक चितारी ठेवला होता. नव्यानं सापडलेल्या झाडांच्या शास्त्रीय नावामागं शोधणारा म्हणून साहेबाचं आडनाव लागलं. चिताऱ्याचं नाव कुणालाच ठाऊक नाही. "असंच असतंय," सर म्हणायचे. चंदगडच्या शेतकऱ्याच्या घरातून आलेल्या सरांनाही एखाद्या झाडामागं 'गावडे' लागायला हवं होतं. त्याशिवाय निवृत्त प्राध्यापकांच्या मंडळात आपल्याला किंमत नाही, अशी त्यांची पक्की समजूत.

सरांचे चितारी म्हणजे मगदूम अण्णा. कापडाचं दुकान मुलांवर सोपवून पेन्सिलीनं पानाची शीर न् शीर काढत बसणारा माणूस. पण पक्के जैन. कंदमुळं खायची नाहीत, आणि उपटायची तर नाहीतच. त्यामुळं रविवारचा कार्यक्रम ठरलेला. सर खुरप्यानं रोप काढणार, तेवढा वेळ अण्णा पाठ फिरवून उभे राहणार, मग झरझर चित्र काढणार, आणि शेवटी सरांनी ते रोप पुन्हा जागेवर लावून पाणी घालायचं. "अण्णा, तुमच्यापायी मी माळी झालो बघा," सर करवादायचे. पण लावायचे.

गेल्या श्रावणात माझ्या गाडीतून आम्ही चंदगडकडच्या एका सड्यावर, उघड्या कातळाच्या पठारावर गेलो. तिथं सरांना पिवळ्या फुलाचं वीतभर रोप दिसलं आणि ते कोटासकट त्यावर वाकले. असलं फूल त्यांनी कुठल्याच पुस्तकात बघितलं नव्हतं. आम्ही सगळा सडा पालथा घातला; दुसरं रोप मिळालं नाही. मी मोबाईल काढला.

"फोटोवर न्हाय चालत," सर म्हणाले. "कंदासकट काढून, दाबून, वाळवून ठेवायला लागतंय. तवा कुठं आपलं नाव."

म्हणजे हे रोप परत लावता येणार नव्हतं. अण्णांनाही ते कळलं.

"काढा की सर," ते म्हणाले. "एवढी वर्सं वाट बघितलीसा." आणि त्यांनी पाठ फिरवली.

सर गुडघ्यांवर बसले, खुरपं मातीला टेकवलं आणि पाठमोऱ्या अण्णांकडं बघितलं. मग उठले. "अण्णा, वळा हिकडं. हाय तसंच काढा चित्र. वरचं दिसतंय तेवढं बास."

मला खरं सांगायचं तर रागच आला. परतताना अण्णा मागच्या सीटवर झोपले, तसं मी म्हटलं, "सर, हातचं घालवलंत. आता मंडळात काय सांगणार?"

"काय गावलं न्हाय म्हनून सांगायचं."

"पण अण्णा स्वतःच काढा म्हणाले होते."

"म्हनाले. नंतरबी एक शब्द बोलले नसते." सरांनी मागं वळून बघितलं आणि आवाज खाली आणला. "पर पुढच्या रविवारी आले नसते. बायको गेल्यापास्नं घरात बोलायला कोन न्हाय माझ्या. मग मी कुनाची वाट बघायची?"