तोतया बत्तासाजी आणि तीन सालांचा बिल्ला

श्री. ज्या चुलीवरची पहिली भाकरी दाराशी बसल्या मुक्या जिवास पोहोचते, त्या चुलीस दंडवत घालोन लेखनारंभ केला. शके १९४१, विकारीनाम संवत्सर, चैत्र मास. कोणे एके राज्यी ठकूबाई नामे एकट्या बाई राहात, आणि त्यांचे पदरी बत्तासाजी म्हणोन शुभ्र श्वान, वय वर्षे अकरा, उभयतां एकाच घोंगडीवर निजत. त्या राज्यात शिरस्ता ऐसा की, दर चैत्री हरएक श्वानास साऱ्या लसी टोचाव्या आणि गळा तांब्याचा बिल्ला बांधावा. बिल्ला नसेल त्यास कोतवालाची गाडी उचलोन नेई. मागील चैत्री पाच लसी एका दमात टोचिल्या, आणि घरी येतायेताच बत्तासाजींचे मुख सुजोन भोपळा जाहले आणि श्वास अडकला, मग तीन दिवस औषधपाणी करोन, बाईंनी मांडीवर घेवोन बसोन, कसेबसे वाचले. जीव म्हणजे काय चीज, हे बाईंस तेव्हा कळले.

यंदा चैत्र लागताच बाई दारोदार उपाय पुसत फिरल्या. कोणी सांगितले की, रक्त तपासोन मागील लसींचे बळ अंगी उरले की नाही हे समजते, त्यास टायटर म्हणतात, आणि बळ असेल तर दरसाल टोचणे नलगे. मग बाई पेठेतील वैद्यांकडे गेल्या. ते हांसोन बोलिले, "मावशी, कुठून ऐकून आलात हे? सुई टोचा, बिल्ला घ्या, घरी जा." मग नदीपार गेल्या, तेथील वैद्यांनी मान वर न करिताच सांगितले, "असलं काही आमच्याकडे होत नाही हो बाई." मग बाईंनी मोठे राजकारण रचिले. शेजारचा काळा श्वान शेरू, ज्याची यंदाची टोचणी आधीच जाहली होती, तो तांदळाचे पिठीने माखिला, तोतया बत्तासाजी उभा केला, आणि त्यास घेवोन टोचणीचे रांगेत दाखल जाहल्या. ऐन सुईसमोर तोतयाने अंग झाडिले. पिठी उडाली, कारकुनाची पगडी पांढरी जाहली, आणि सरकारकामी दगा म्हणोन एकच गलबला उठिला.

तेथे सिद्रामप्पा म्हणोन नवे वैद्य आले होते. त्यांनी सर्वांस गप्प केले आणि पुसिले, "आजी, एवढं भ्यालात कशाला?" बाईंस रडे कोसळले. म्हणाल्या, "माझा बत्तासा जाईल हो सुईनं! त्याच्याशिवाय मला कोण आहे?" वैद्य म्हणाले, "आणि या शेरूला फुकटची दुसरी सुई टोचली असती, त्याचं काय?" बाई ओशाळल्या, आणि पदराने शेरूचे तोंड पुसो लागल्या. मग वैद्यांनी निवाडा केला तो ऐसा: "पिसाळीच्या लसीला सुटका नाही, ती यंदा द्यायचीच. पण एकटी देऊ, आणि संध्याकाळपर्यंत त्याला इथं माझ्यासमोर ठेवू. बाकीच्या लसींसाठी आधी रक्त बघू."

मग बत्तासाजींचे थेंबभर रक्त घेतिले, आणि आठ दिवस बाईंस घास गोड लागेना. नववे दिवशी वैद्य स्वयें दारी आले. "आजी, तुमचा म्हातारा आतून पैलवान आहे! बळ भरपूर आहे. चार लसी नकोत." मग वैद्यांचे ओसरीवर नेवोन पाचवी, पिसाळीची, तेवढी टोचिली, आणि वैद्य व बाई दोहींकडे बसोन राहिले. दोन प्रहर गेले, ऊन कलले, आणि मुख काही सुजेना. मग बत्तासाजी उठोन आळस देवोन वैद्यांचे डब्यातील पोळी चोरोन खाते जाहले, आणि बाई रडता रडता हांसल्या. वैद्यांनी कोतवालीत भांडोन तीन सालांचा बिल्ला आणिला. तो गळा बांधोन बाई बत्तासाजींचे कानाशी म्हणाल्या, "तीन वर्षांचं लिहून आणलंय बरं का. मधेच उठून जायचं नाही, सांगून ठेवते."

येणेप्रमाणे वर्तमान जाहले. पुढे सिद्रामप्पांचे दारी रक्त तपासावयास रांग लागो लागली, आणि तोतया शेरू त्या रांगेचा दारवान जाहला. बत्तासाजींनी बाईंचा शब्द राखिला. मुदतीचा एक दिवस बुडविला नाही, आणि वर चार मास आपले पदरचे घातले.