सर्वपित्रीच्या स्वस्त विमानाची हकीकत

श्री विघ्नहर्त्यास नमन, कुलस्वामिनीस नमन, आणि ज्यांची पेटी भरून पाच वर्षे माळ्यावर पडली आहे त्या समस्त निघणाऱ्या मंडळींसही नमन. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरी, एका राज्यात, ज्याचे नाव लिहिण्याची आम्हांस आज्ञा नाही, जे वर्तमान घडले ते ऐकिले तैसे लिहितो. तिखटमीठ आमचे नाही.

त्या राज्यात राजश्री विसाजीपंत पोतनीस म्हणोन सरकारी खजिन्याकडे होते. माणूस इमानी, शब्दाचा खरा, परंतु चमडी गेली तरी दमडी सुटणार नाही ऐसा हात. त्यांचे कुटुंब सगुणाबाई, यांस त्या साली चैत्रमासी दृष्टीचा विकार जाहला आणि वैद्यांनी डोळे पाहोन साफ सांगितले की, दिवाळीपावेतो दिसेल, पुढे देवाची मर्जी. तेव्हा बाई पंतांस बोलिल्या, "अहो, चाळीस वर्षांत मी काही मागितले नाही. समुद्रापलीकडे ते बेट आहे ना, पाणी निळेशार असते म्हणतात, ते एकदा दाखवा. मग मिटले डोळे तरी चालतील." पंतांचे डोळे भरोन आले आणि त्यांनी देवापुढे शब्द दिला की, दाखवितो. शब्द मनापासोन दिला होता, हे आम्ही त्यांचे पक्षी लिहोन ठेवितो.

मग पंतांनी मोबाईल हाती घेतला आणि विमानभाड्याची मोहीम मांडिली. रोज सकाळी पाहावे, संध्याकाळी पाहावे, आणि पाहावे तो भाडे चढलेले. कचेरीत कोणी जाणता होता, तो बोलिला, "पंत, आपण मोबाईल पाहता तसा मोबाईलही आपणांस पाहतो. गिऱ्हाईक गरजू आहे हे त्यास कळते. गुप्त खिडकी उघडून, अनोळखी होऊन पाहावे." पंतांस मसलत मानवली. मग ते आपले नाव, गाव, ओळख सर्व पुसोन, कोणीच नसल्यासारखे होऊन भाडे पाहो लागले, आणि खरेच उतरलेले दिसे. त्यातही शोध लागला की, अमावास्येस राज्यात कोणी घराबाहेर पडत नाही, विमाने रिकामी जातात, म्हणोन त्या दिवसाचे भाडे निम्मे. आता अमावास्येस निघावे तर अपशकुन, न निघावे तर भुर्दंड. परंतु वाडवडिलांनी त्यासही तोड ठेविली आहे. सुदिनी आपल्या नावचे प्रस्थान शेजारी ठेवावे, म्हणजे मुहूर्तावर माणूस निघाला ऐसे होते, आणि देह मागाहून सवडीने निघाला तरी चालते. पंतांनी उपरण्याच्या फडक्यात तांदूळ, सुपारी, हळकुंड बांधिले आणि शेजारी गंगाधरभट जोशी राहत, त्यांचे कोनाड्यात नेऊन ठेविले. जोशीबुवा बोलिले, "पंत, राजाने दहा दिवसांत, सरदाराने सातांत आणि आपणांसारख्यांनी पाचांत निघावे. ठेविलेले परत घरात आणू नये. लक्षात असो द्या." पंत बोलिले, "हा काय, निघालोच!"

परंतु चौथे दिवशी गुप्त खिडकीत पाहतात तो पुढील महिन्याचे भाडे आणखी उतरलेले. मग चैत्र राहिला, आणि ऐसाच वैशाखही. ज्येष्ठात दुसरे प्रस्थान ठेवावयास गेले तो कोनाडा रिकामा. "जोशीबुवा, पहिले गाठोडे काय जाहले?" तेव्हा जोशीबुवा हसोन बोलिले, "थट्टा करता की काय? पाचवे दिवशी भर दुपारी आपणच येऊन नेलेत की! पाणी घ्या म्हटले तर घेतले नाहीत." पंत मनी बोलिले, भटजींचे वय जाहले, आणि दुसरे गाठोडे ठेवोन घरी आले. आणि तेही राहिले, कारण श्रावणातले भाडे त्याहून कमी दिसले.

मग एके दिवशी कचेरीतून येतात तो सगुणाबाई मोठ्या आनंदात. बोलिल्या, "आज दुपारी जेवायला आलात ते फार बरे केलेत. बोलला मात्र नाहीत काही. मी पुसले, कधी निघायचे? तर एवढेच म्हणालात, चला." पंत बोलिले, "मी? मी दिवसभर कचेरीत. तुझे डोळे फसले." परंतु पंतांनी पाटाकडे पाहिले तो पाटाभोवती कच्चे तांदूळ सांडलेले, हळदीने पिवळे, आणि ताटातला भात जसा वाढिला तसाच. पंतांनी केरसुणी घेऊन दाणे लोटोन टाकिले. शहाण्याने तेथेच हाय खाऊन मिळेल त्या भाड्याने निघावे की नाही? परंतु पंतांनी श्रावणात तिसरे प्रस्थान ठेविले आणि थांबले.

भाद्रपदी सर्वपित्री अमावास्या आली. त्या दिवशी घरोघर पितर जेवावयास येतात, जिवंत माणूस कोण प्रवासास निघतो? भाडे वर्षात नव्हते इतके उतरले. पंतांनी एकदाची दोन तिकिटे काढिली, संध्याकाळचे विमान. बाईंनी पेटी भरिली, नवे लुगडे नेसल्या. आणि पंत, अर्ध्या दिवसाचा पगार का बुडवा म्हणोन, सकाळी कचेरीत गेले. दोन प्रहरी परतोन पाहतात तो दारास कुलूप. जोशीबुवा ओटीवर होते, ते पंतांस पाहताच पांढरे फटक पडले आणि बोलिले, "पंत, सकाळीच तर रामराम करोन बाईंचा हात धरोन गेलात! काय विसरले?" पंतांनी कुलूप उघडोन पेटी पाहिली, तो बाईंचा पासपोर्ट नाही, स्वतःचा जागेवर. तो घेऊन विमानतळावर धावले. तेथील अंमलदार पासपोर्ट उघडोन बोलिला, "साहेब, आपण सकाळच्या विमानाने गेलात. हा शिक्का पाहा." शिक्का ओला होता. आणि पानांच्या घडीत एक पिवळा दाणा. शिक्क्याचा घोळ मिटेतो संध्याकाळचे विमान निघोन गेले.

दुसरे दिवशी दोन प्रहरी बाईंचा फोन लागला. मागे लाटांचा आवाज येत होता. येथे माणूस काय पुसेल? सुखरूप आहेस ना, हे पुसेल. पंतांनी पुसले, "भाडे किती पडले?"

बाई बोलिल्या, "विचारले नाही. त्यानेही विचारले नाही."

"अगे, तो मी नव्हे!"

"ठाऊक आहे हो. डोळे अधू झाले, पण चाळीस वर्षांचा हात ओळखणार नाही होय? हा हात थंड आहे आणि हळदीचा वास येतो. पण दारात उभा राहून 'चला' म्हणाला. तुम्ही कधी म्हणालात?" मग बाई बोलिल्या, "पाणी फार निळे आहे. तुम्ही हवे होतात. आता ऐका. हा चालतो तसे दाणे सांडतात. रोज थोडा कमी होतो. सरला की मी या मुलखात एकटी, आणि डोळ्यांचा भरवसा नाही. रागावले नाही मी. या. पण आज निघा. अहो, भाडे पाहू नका."

पंत ढसढसा रडले. "आलोच, सगुणे, हा निघालोच," ऐसे बोलोन त्यांनी फोन ठेविला आणि तिकीट काढावयास बसले. सवयीने गुप्त खिडकी उघडली, नाव पुसले, गाव पुसले. आजचे भाडे जबर. आणि त्याखाली लिहिलेले की, परवाचे भाडे यापेक्षा उतरेल. पंतांनी दोन्ही आकडे ताडोन पाहिले. मग मनाशी बोलिले, दोन दिवसांनी काय मोठे बिघडते? हे लिहिताना आमचाच हात आखडला, परंतु घडले ते ऐसेच.

तात्पर्य वर्तमान इतुकेच. बाईंनी निळे पाणी एकवीस दिवस पाहिले. बाविसावे दिवशी सोबतीचा हात सरला, आणि दिवाळीचे आधीच दृष्टीही गेली. त्या बेटाहून येणारे लोक सांगतात की, किनाऱ्यावर एक म्हातारी बसलेली असते, आणि वाळूत कोणाचेही पाऊल वाजले की मान वळवोन पुसते, "आलात?" पंत अद्याप घरी आहेत, रोज भाडे पाहतात. जैसे कळले तैसे येथवर लिहिले. पुढील वर्तमान आम्हांस ठाऊक नाही, म्हणोन लेखणी ठेविली.