आवाजाची गाळणी

मला फक्त निवांत आंघोळ करायची होती. लेक झाल्यापासून डोक्यावर पाणी घेतलं की ती रडतेय असं वाटतं. नळ बंद करून कान देते, तर घर शांत. नळ सोडला की पुन्हा रडणं. (ती रडत नसते, माझेच कान भित्रे.)

आमचे हे ऑफिसात आवाज साफ करण्याचे प्रोग्राम लिहितात. मी सातवी शिकलेली, मला वाटायचं आवाज साफ करायला गरम पाण्याच्या गुळण्या पुरतात. तरी म्हटलं, "अहो, पोरीचं रडणं मला कुठेही ऐकू येईल असं काहीतरी करा ना."

झालं. एक जुना फोन पाळण्याला, एक माझ्या कमरेला. त्यातून नुसता पंखा ऐकू आला.

"फिल्टर लावतो," हे म्हणाले. "जो आवाज सतत चालू असतो, तो प्रोग्राम आपणहून ओळखतो आणि गाळतो. चहाच्या गाळणीसारखं."

पंखा गेला. पाण्याची मोटार गेली. शेजाऱ्यांची भिंतफोडही गेली. हे इतके खूश, की घरातसुद्धा कानात इयरफोन घालून "टेस्टिंग" करत बसायला लागले.

काल दुपारी मी गच्चीवर धुणं वाळत घालत होते. कमरेचा फोन गप्प. चादरी झटकल्या, शेजारणीशी गप्पा मारल्या, चक्क गुणगुणले. मग वाटलं, एवढी शांत कशी? अर्धं धुणं टाकून जिना उतरले. पोर लालबुंद, घसा बसेपर्यंत रडत होती, आणि पाळण्याचा फोन तिच्या उशाशी ढिम्म.

तिला छातीशी धरलं. ती गप्प झाली, माझंच रडू थांबेना. आई म्हणून आपण नापास, हे कळायला सातवीसुद्धा लागत नाही.

संध्याकाळी ह्यांनी लॅपटॉप उघडून सगळं तपासलं. "फिल्टर चोख चाललाय."

"पोरीचा घसा बसलाय."

"अगं, ती बराच वेळ सलग रडली. प्रोग्रामला वाटलं, हाही पंखाच."

"पोर कोण आणि पंखा कोण, एवढंही कळत नाही त्याला?"

"सांगावं लागतं. आता सांगतो, तिचा आवाज कधीच गाळायचा नाही."

दुरुस्ती करून हे इयरफोन घालून समोर बसले. मग मी मन मोकळं केलं. मला काही जमत नाही, झोप नाही, जीव सारखा टांगणीला, मी कुठेतरी निघून जाईन, असं बरंच. हे शांतपणे मान डोलवत होते. लग्नापासून इतकं नीट माझं कधी ऐकलं नव्हतं. मला भरून आलं.

एकदम हे ताडकन उठले, आत धावले आणि पोरीला खांद्यावर घेऊन आले. ती नुकती कुठे कुरकुरायला लागली होती. (मला पत्ताच नाही, मी बोलत होते.)

"बघ, पहिल्या कुरकुरीला ऐकू आली. सुधारला फिल्टर."

"आणि मी मघापासून बोलतेय ते?"

ह्यांनी एका कानातला इयरफोन काढला.

"तू काही बोलत होतीस?"