सदूभाऊचं पडसं

माणसाला पडसं झालं की माणूस घोंगडी शोधतो. आमचा सदूभाऊ लंगोट शोधायचा.

शहापुरात आमची दोघांची घरं एका भिंतीला. भिंत म्हणजे नावाला. कुडाची, शेणामातीने लिंपलेली, आणि वर आढ्याखाली हातभर मोकळी. त्या मोकळ्या जागेतून सदूभाऊच्या घरातला धूर, त्याचं मांजर आणि त्याच्या शिंका हे तिन्ही आमच्याकडे बिनदिक्कत यायचे. मी धंद्याने शिंपी, दुकान घराच्याच ओटीवर. मशीन चालवून चालवून माझे कान तसेही कामातून गेलेले, पण सदूभाऊची शिंक बहिऱ्यालाही चुकायची नाही. आधी एक लांबलचक 'हाऽऽ', मग जरा शांतता, आणि मग असा बार उडायचा की फळीवरची तेलाची बाटली सरकायची. ही दुसरी जागतिक लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. पुढे लढाईतल्या तोफांच्या बातम्या आल्या तेव्हा आमच्या आळीत कुणाला विशेष काही वाटलं नाही.

सदूभाऊ भातशेती करणारा गडी. चाळिशीकडे झुकलेला, माझ्याहून दोन-चार वर्षांनी लहान, अंगाने दणकट आणि नाकाने नाजूक. लग्न झालं नव्हतं. दोनदा जमत आलं आणि दोन्ही वेळा माशी शिंकली. खरं सांगायचं तर दुसऱ्या वेळी माशी नव्हे, सदूभाऊच शिंकला. मुलीचा बाप 'ठरलं मग' म्हणायला तोंड उघडतो न उघडतो तोच. बापाने तोंड मिटलं ते मिटलंच.

पडशाबद्दल त्याचं स्वतःचं एक शास्त्र होतं. "पडसं म्हंजे पावना. त्याला बसाया पाट दिला का तो मुक्कामाला ऱ्हायला. पळव त्याला." हे 'पळव त्याला' त्याच्या तोंडात कायमचं. काढा नको, लेप नको, वाफ नको. नाक वाहायला लागलं की सदूभाऊ धावायला लागायचा. पौष महिन्यात, जेव्हा आम्ही आंघोळीचं पाणी दोनदा तापवून घ्यायचो, तेव्हा हा भातसा नदीच्या डोहात उड्या मारायचा आणि वर येऊन शिंकायचा. काठावर धुणं धुणाऱ्या बायका त्याच्या नावाने बोटं मोडायच्या, कारण त्याच्या शिंकेने पाण्यावरचे बगळे उडून जायचे आणि जाता जाता धुतलेल्या कपड्यांवर व्हायचं ते व्हायचं.

आता त्याचं बोलणं मी तुम्हाला कळेल असं लिहिलं. प्रत्यक्षात पडशात त्याचं नाक असं चोंदायचं की 'न'चा 'द' आणि 'म'चा 'ब' होऊन बाहेर पडे. 'मी नाय'चं 'बी दाय'. 'पावना'चा 'पावदा'. मला सारं गाव नाना म्हणे, एरवी सदूभाऊही नानाच म्हणे, पण पडसं झालं की मी त्याचा दादा. त्यामुळे भिंतीवरून 'दादा' अशी हाक आली की मी समजायचो, गेला आपला आजचा दिवस.

अशीच एकदा हाक आली आणि मी त्याच्याबरोबर माहुलीचा किल्ला चढायला गेलो. का गेलो, हे मला आजही सांगता येणार नाही. अर्ध्या वाटेवर कड्याला आग्या माश्यांची मोठाली पोळी लटकलेली. मी सदूभाऊकडे पाहून ओठांवर बोट ठेवलं. त्यानेही ठेवलं. पण शिंक काही ओठांतून येत नाही. 'हाऽऽ' ऐकू आलं तेव्हाच मी धोतर खोचलं. माशी शिंकते हे मी ऐकून होतो, शिंकेने माश्या उठतात हे त्या दिवशी पाहिलं. पायथ्याशी पोचलो तेव्हा माझी पाठ आणि त्याचे दोन्ही कान सुजून वड्याएवढे झाले होते, आणि हा बाबा खुशीत.

"बघ दादा," म्हणाला, "दाक बोकळं झालं."

मोकळं कसलं, बोकळंच होतं.

पण त्याचा खरा खेळ हुतूतू. आमच्या संघाचा कप्तान बाबूशेठ, भुसार मालाचा दुकानदार. संघात मीही होतो, पण ताकदीमुळे नव्हे. सगळ्यांच्या मांजरपाटाच्या चड्ड्या मी शिवल्या होत्या, आणि मला घेतलं नसतं तर मी त्यांत नाड्या ओवल्या नसत्या.

सदूभाऊचं म्हणणं असं की हुतूतू हा देवाने पडसंवाल्यांसाठीच काढलेला खेळ. "हुतूतूत 'द' हाय का? 'ब' हाय का?" तो विचारायचा. म्हणजे 'न' आणि 'म'. ते मात्र खरं. एरवी त्याचा एक शब्द धड निघत नसे, पण चढाईला निघाला की 'हुतूतूतूतू' असं खणखणीत वाजायचं. दुसरं म्हणजे, चढाई करणारे लबाड गडी तोंडाने हुतूतू म्हणताना नाकाने गुपचूप श्वास घेतात. सदूभाऊवर हा आळ घेण्याची कुणाची टाप नव्हती. "बाझ्या दाकाला कुलूप हाय," तो पंचाला सांगायचा, "चोरी करदार कुठूद?" आणि तिसरी गोष्ट सगळ्यांत मोठी. त्याला पकडायला कुणी धजत नसे. वाहत्या नाकाचा एवढा दांडगा माणूस अंगावर आला की भले भले पैलवान मागे सरायचे.

एवढं सगळं असताना आम्ही हरायचो कसे, ते आता सांगतो.

आमच्याकडे पोर शिंकलं की घरातलं वडीलधारं माणूस आशीर्वाद देतं. कुणी 'शतायुषी हो' म्हणतं, कुणी आणखी काही. सदूभाऊ पहिल्यांदा मैदानात शिंकला तेव्हा कडेला काकड्या विकायला बसलेली एक म्हातारी सवयीने बोलून गेली, "शंभर वर्सं जग रे बाबा." बघे हसले. पुढच्या शिंकेला चार टवाळ पोरं ओरडली, "शंभर वर्सं." आणि मग ती रीतच पडली. सदूभाऊ शिंकला की अख्खं मैदान एका सुरात गर्जायचं, "शंभर वर्सं."

आणि सदूभाऊ थांबायचा. चढाईत असला तरी थांबायचा. हुतूतू बंद, हात खाली, डोळे मिटलेले. देवळात तीर्थ घेताना माणूस उभा राहतो तसा उभा. तेवढ्यात समोरच्यांची किळस ओसरायची आणि सातजण मिळून त्याला आडवा करायचे.

"अरे शिंक ना, किती पन शिंक," बाबूशेठ कपाळ बडवून घ्यायचा, "पन उभा का ऱ्हातोस मेल्या?"

सदूभाऊ नाक पुसायचा आणि म्हणायचा, "बोलतात दा लोक. ऐकाया दको?"

हौसेचा तमाशा म्हणून शहापुरात हे खपून गेलं. पण मुरबाडकडे म्हशाच्या जत्रेत आम्ही मुरबाडकरांशी खेळायला गेलो तेव्हा जिंकणाऱ्या संघाला घोंगड्या लागल्या होत्या. म्हशाची घोंगडी म्हणजे काय ते थंडीत कुडकुडलेल्यालाच कळतं. सदूभाऊने तीन गडी टिपले, मागे फिरला, रेघ हाताशी आली, आणि 'हाऽऽ'. शिंक. आमच्या गाड्यांतून आलेले सगळे शहापूरकर गर्जले, "शंभर वर्सं." सदूभाऊ डोळे मिटून उभा. वर पुन्हा वाद झाला तो निराळाच. मुरबाडचा कप्तान म्हणाला, शिंकला म्हणजे दम तुटला, पकडायच्या आधीच बाद. सदूभाऊ म्हणाला, "शिंक भाईर गेली. आत काय आलं?" पंच होता एक पेन्शनीत निघालेला हवालदार. त्याने स्वतः दोन-तीनदा खोटं खोटं शिंकून पाहिलं, श्वास आत जातो की बाहेर याचा विचार केला, शेवटी वैतागून शिट्टी फुंकली आणि आम्ही हरलो.

परतताना किन्हवलीच्या चढावर बाबूशेठने बैलगाडी थांबवली आणि निकाल दिला. "सद्या, यापुढं पडसं असलं तर रेघंच्या आत पाय टाकायचा नाय. पडसं नसंल तवा खुशाल खेळ."

दुसऱ्या दिवशी सदूभाऊ माझ्या दुकानात येऊन बसला. मी म्हटलं, "एवढं काय मनाला लावून घेतोस? बरं वाटेल तेव्हा खेळ की."

"पडसं दसलं तर बी खेळूद काय करू, दादा?"

मी कात्री खाली ठेवली आणि त्याच्याकडे पाहिलं. माणूस वेडा आहे हे मला माहीत होतं. पण डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते पडशाचं आहे की कशाचं ते मला कळेना. "बाबूशेठला सांग दा," एवढंच म्हणत राहिला. "बला खेळू द्या."

सांगितलं मी. बाबूशेठने ऐकलं नाही. वर्षभर सदूभाऊ पडशात मैदानाच्या कडेला बसून राहायचा, अंगाला तेल लावून, लंगोट कसून, कुणी बोलावलंच तर. नीट नाकाचा असताना बोलावलं तर यायचा नाही.

पुढच्या पौषात जत्रेच्या आदल्या दिवशी आमचा एक गडी झाडावरून पडला. बाबूशेठ नाइलाजाने सदूभाऊच्या दारात गेला. आतून शिंक आली. बाबूशेठचा चेहरा उतरला, पण दुकानदाराचं डोकं, लगेच तोड निघाली. सदूभाऊला म्हणाला, "चल, खेळ." आणि दुसऱ्या दिवशी निघताना गाड्यांत बसलेल्या सगळ्या शहापूरकरांना बाजूला घेऊन तंबी दिली, "सद्या शिंकला तर कोनी तोंड उघडायचं नाय. बोलंल त्यानं गावाला चालत यायचं."

त्या दिवशी सदूभाऊ जसा खेळला तसा मी त्याला कधी पाहिला नाही. बघावं तिकडे मुरबाडकर पळत होते. शेवटच्या चढाईत त्याने त्यांचे उरलेले दोघे टिपले. आता नुसतं परत यायचं होतं. मुरबाडच्या गड्यांनी मान टाकली होती, घोंगड्या मला दिसायला लागल्या होत्या. रेघेजवळ 'हाऽऽ' झालं. शिंक उडाली.

मैदान चिडीचूप.

सदूभाऊ थांबला. डोळे मिटले. काही ऐकू येईना तसे उघडले. आमच्या माणसांकडे पाहू लागला, एकेका तोंडाकडे. काकडीवाली म्हातारीही आली होती, तिने पदर तोंडात धरला होता. मी स्वतः जमिनीकडे पाहत होतो. रेघ पावलावर होती. बाबूशेठ दात खाऊन हातांनी खुणावत होता, ये, ये. सदूभाऊ वाट बघत उभा राहिला. जत्रेत हरवलेल्या पोरासारखा. मुरबाडच्या गड्यांना आधी कळेचना, हे काय चाललंय. मग बाद झालेलेसुद्धा धावले आणि सगळ्यांनी मिळून त्याला खाली बसवला. आडवासुद्धा करावा लागला नाही. बाद झालेल्यांनी हात लावला म्हणून मी पंचाशी भांडायला गेलो, पण हवालदार म्हणाला, दम तर कधीचाच तुटला आहे. त्यात तथ्य होतं.

परतताना गाडीत बाबूशेठने सदूभाऊच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. सदूभाऊने डोक्यावरून धोतर घेतलं होतं. घर येईपर्यंत एकदाच बोलला. "कोदी काय बोललंच दाय."

घरी आल्यावर मी हे सगळं बायकोला तिखटमीठ लावून सांगितलं. वाटलं हसेल. ती भाकरी थापायची थांबली.

"तुमाला खरंच नाय ठावं?" ती म्हणाली. "त्याची आय होती तवा पडसं झालं का भावजी घोंगडीत पडून असायचे. खेळतोय कसला. शिंक आली का म्हातारी चुलीकडनं बोलायची, शंभर वर्सं जग रे माज्या राजा. दरेक शिंकंला. मी हिकडं मोजायची, म्हातारी एक पन चुकायची नाय. ती गेली आनि भावजींनी लंगोट लावला."

"मला कधी ऐकू नाही आलं."

"तुमच्या मशीनच्या खडखडीत तुमाला काय ऐकाया येतंय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि बाबूशेठचा असा राग आला की त्याच्या चड्डीची नाडी काढून घ्यावी. पलीकडे सदूभाऊने चूल पेटवल्याचा धूर भिंतीवरून आला. त्यामागून मांजर आलं. मग आलं 'हाऽऽ', आणि बार उडाला. बाटली सरकली.

नंतर पलीकडे अगदी हळू काहीतरी बोलल्यासारखं झालं. मशीन बंद होतं म्हणूनच मला ऐकू आलं. 'आई गं' एवढंच. त्यातही 'न' नाही, 'म' नाही. स्वच्छ आलं.

मी उभा राहिलो आणि भिंतीच्या मोकळ्या जागेकडे तोंड करून ओरडलो, "शंभर वर्सं जग रे, सदू."

पलीकडे भांडं वाजायचं थांबलं. मग आवाज आला, "पद्दास पुरे, दादा."

आणि लगेच दुसरी शिंक. तिला 'हाऽऽ' नव्हतं, बारही नव्हता, बाटली जागची हलली नाही. पुरती खोटी शिंक होती. बायको पदराआड हसली आणि या वेळी ती ओरडली, "शंभर वर्सं, भावजी. आनि जेवाया हिकडं या."

आठवड्याने त्याचं पडसं गेलं. नाक मोकळं झालं, 'न' आणि 'म' आपापल्या जागी आले. सकाळी मी दुकानाची फळी काढत होतो तेव्हा तो शेतावर निघाला होता. दारातूनच त्याने हाक मारली, अगदी मोकळ्या नाकाने.

"येतो मी, दादा."