आजीचं बटण

बटण एक

दोन मुलांची ती मालिका बंद झाली असं कळलं, तेव्हा चष्मेवाल्यांनी पहिला संशय बायकोवर घेतला आणि दुसरा मुलीवर. संशय हा त्यांचा धंदाच होता. डोळे तपासायला येणारी माणसं तक्त्याची खालची ओळ पाठ करून येतात आणि भिंतीकडे न बघताच म्हणतात, "सगळं लख्ख दिसतंय!" अशांमध्ये हयात गेल्यावर माणूस स्वतःच्या सावलीलाही दोनदा विचारून घेतो.

मालिका साधी होती. दोन तरुण मिळून पाव-बिस्किटांचं दुकान चालवतात आणि एकमेकांवर जीव टाकतात. शेवटच्या भागात त्यांतल्या एकाने जेवणाच्या टेबलावर आपल्या बापाला सगळं सांगून टाकलं. बापाने चमचा खाली ठेवला, घसा खाकरला, तोंड उघडलं, आणि 'पुढील भागात'.

पुढचा भाग आलाच नाही. त्या वेळेला स्वयंपाकाची स्पर्धा सुरू झाली. वाहिनीने एका ओळीत कळवलं: प्रेक्षकांच्या आवडीचा मान राखून.

चष्मेवाल्यांना त्या बापाचं पुढचं वाक्य हवं होतं. त्यांचा धाकटा परगावी नोकरीला होता आणि एका मित्राबरोबर चार वर्षं एकाच घरात राहत होता. आता रविवारी तो त्या मित्राला घेऊन येणार होता. "बाबा, जरा बोलायचंय," एवढंच फोनवर म्हणाला होता. काय बोलायचंय ते चष्मेवाल्यांनी कधीच ओळखलं होतं. त्यावर आपण काय बोलायचं, ते मालिकेतला बाप सांगणार होता. आणि नेमका तोच गप्प केला गेला.

कुणीतरी तक्रार केली असणार. घरातल्याच कुणीतरी.

बटण चार

घरातल्या टीव्हीशेजारी मोजणीचा डबा होता. कोण काय बघतं ते तो कंपनीला कळवायचा. बघायला बसलं की रिमोटवर आपापलं बटण दाबायचं: एक चष्मेवाल्यांचं, दोन बायकोचं, तीन मुलीचं, म्हणजे ताईचं, चार आजीचं, पाच धाकट्याचं. दुपारी दुकान बंद ठेवून ती मालिका बघताना चष्मेवाले चार दाबत. आजी, म्हणजे त्यांची आई, त्यांच्या बहिणीकडे राहायला गेली होती. आणि ऐंशी ओलांडलेल्या बाईला जाब कोण विचारणार?

"तू कुठे काही कळवलंस का?" त्यांनी बायकोला विचारलं.

"कशाबद्दल?"

"कशाबद्दलच नाही."

"अहो, असं काय बघताय? मला नंबर लागलाय का?"

हिला ठाऊक आहे, चष्मेवाल्यांनी मनात नोंदलं. तेवढ्यात ताई स्वयंपाकघरातून डोकावली आणि दोघांना बघून लगेच मागे सरली. हिलाही ठाऊक आहे.

बटण चार, अजूनही

रविवारी घंटा वाजली. बायकोने धावत जाऊन दार उघडलं. दारात धाकटा नव्हता. डब्याच्या कंपनीचा मोजणीवाला होता, हातात कपबशांचा खोका घेऊन.

"आजींना बोलवा," तो आत येत म्हणाला. "बक्षीस आहे. त्या मालिकेच्या सगळ्यांत निष्ठावान प्रेक्षक! सकाळी, दुपारी, संध्याकाळी, तिन्ही वेळच्या प्रसारणात एकही भाग चुकवला नाही."

चष्मेवाले चमकले. दुपार आपली. मग सकाळ कुणाची? संध्याकाळ कुणाची?

"आजी झोपल्यात," बायको म्हणाली.

"अंघोळीला गेलीय," ताई म्हणाली.

"फिरायला," चष्मेवाले म्हणाले.

तिन्ही उत्तरं एकदमच पडली. मोजणीवाल्याने खोका छातीशी ओढून घेतला. "नक्की कुठे?"

"बहिणीकडे आहे," चष्मेवाल्यांनी हात टेकले. "बरेच महिने झाले."

"मग चार कोण दाबतं?"

शेवटी बायको म्हणाली, "संध्याकाळी मी."

"सकाळी आवरताना मी," ताई म्हणाली. "आणि बाबा, दुपारी तुम्ही! तरीच मी म्हणते, टीव्ही गरम कसा!"

"मी आवाज बंद करून बघायचो," चष्मेवाले पुटपुटले, जणू तेवढ्याने गुन्हा निम्मा होणार होता.

मोजणीवाला खुर्चीत कोसळला. "तुमच्याच घरात नाही हो, घरोघर हेच! आमच्या आकड्यांत ती मालिका फक्त आज्या बघत होत्या. एकसुद्धा पुरुष नाही! जाहिरातवाले म्हणाले, आज्यांना मोटारसायकल कशी खपवायची? झालं, गुंडाळली."

"म्हणजे आम्हीच बुडवली?"

"आजींनी," मोजणीवाला कोरडेपणाने म्हणाला.

"बुडाली ते बरंच झालं," बायको डोळे पुसत म्हणाली. "तो बाप हाकलून देणार होता त्यांना. तोंड बघितलंत ना त्याचं?"

"हाकलेल कशाला?" चष्मेवाले उसळले. "हाकलायचं तर माणूस घसा साफ करत बसतो?"

"मग काय म्हणणार होता?"

"बसा म्हणणार होता! दोघांनाही! आणि मग झापणार होता, चार वर्षं बापाला मूर्खात काढलंस म्हणून! बाप आंधळा आहे का? दिसतं त्याला सगळं!"

बायको त्यांच्याकडे बघतच नव्हती, त्यांच्या खांद्यावरून पलीकडे बघत होती. मोजणीवाल्याने दार उघडंच टाकलं होतं. उंबऱ्यात धाकटा उभा होता, शेजारी एक उंच मुलगा. एका बॅगेचे दोन बंद दोघांच्या हातात होते.

"बाबा," धाकट्याने विचारलं, "झापून झालं?"

"अजून कुठे. आधी बसा."

बटण सहा

सगळे बसले. बायकोने टीव्ही लावला. डब्यावरचा दिवा लुकलुकू लागला: कोण बघतंय? एक, दोन, तीन, पाच अशी बटणं मुकाट्याने दाबली गेली.

"मी काय दाबू?" उंच मुलाने विचारलं.

"पाहुण्यांचं सात," मोजणीवाला म्हणाला.

मुलाचं बोट साताकडे निघालं. चष्मेवाल्यांनी त्याचं मनगट धरलं.

"सहा रिकामं आहे ना?" त्यांनी मोजणीवाल्याला विचारलं. "ते याच्या नावावर करा."

मोजणीवाल्याने खिशातून यंत्र काढलं. "कुटुंबप्रमुखाशी नातं?"

"जावई."

"यांचे?" त्याने ताईकडे बोट केलं.

"माझा नाही हो!" ताई ओरडली.

मोजणीवाल्याने कानापर्यंत लाल झालेल्या धाकट्याकडे पाहिलं, मग यंत्राकडे. "जावई," त्याने टिपलं. "आवडती मालिका?"

जावई तोंड उघडायच्या आत अख्ख्या घराने उत्तर दिलं.

"ती यंत्रातून काढलीय," मोजणीवाला म्हणाला. "त्या जागी स्वयंपाकाची स्पर्धा येते. ती लिहू?"

चष्मेवाल्यांनी घरातल्या एकेकाच्या तोंडाकडे संशयाने पाहून घेतलं.

"लिहा," ते म्हणाले. "पण आजीच्या नावावर."