अधिक चौतीसवरच्या परब बाई

परब बाईंनी मदत केली, हे आधीच सांगून टाकते. मी सातवीत शाळा सोडलेली. लिहिता लिहिता कुठं भरकटले तर तेवढंच राहून जायचं.

चाकणजवळ निघोज्यात मी राहते त्या इमारतीचा जिना बाईंनी ऑइलपेंटने रंगवला. मालकांना न विचारता. प्रत्येक पायरीवर आकडा. तळमजल्याला मालकांच्या दारात शून्य, वर जाताना एक, दोन, तीन. पाण्याच्या मोटारीच्या खड्ड्यात उतरताना वजा एक, वजा दोन. बाई जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावीला गणित शिकवतात, आणि हाताला, निदान पायाला लागल्याशिवाय आकडा खरा नसतो, असं त्यांचं मत.

मालक अण्णा मूळचे निघोज्याचेच. ते पेंटवरून नाही, शून्यावरून चिडले.

"बाई, जागा आमची. आनी आमीच शून्य व्हय?"

"अण्णा, सगळे तुमच्यापासूनच मोजणार. मी अधिक चौतीसला राहते, ती तुमच्यामुळे."

 दुसऱ्या दिवशी अण्णा कुरिअरवाल्याला सांगत होते, "अधिक चौतीसला जा. माज्यापासनं मोज." मोटार कुणी चालू करायची यावरून भांडणं पूर्वीही व्हायची. आता ती "वजा दोनला आज कोण जाणार?" अशी होतात.

मी अधिक सतराला, दोन मुलींसोबत एका खोलीत. गाव हिंगोलीकडं. चाकणच्या एका कंपनीत पॅकिंगला होते. एक दिवस तपासणीच्या टेबलावरची मुलगी आली नाही म्हणून सुपरवायझर खरात साहेबांनी मला बसवलं. काम सोपं होतं. व्हर्नियरमध्ये, म्हणजे मापाच्या चिमट्यात, पिन धरायची, त्याच्या काचेवर आकडा दिसतो. साडेबारापेक्षा, म्हणजे १२.५ पेक्षा मोठा आला तर पिन लाल क्रेटमध्ये टाकायची.

काचेवर आलं १२.४८. अठ्ठेचाळीस पाचापेक्षा मोठे. लाल क्रेट. पुढची १२.४६. लाल क्रेट. मी इतकं मन लावून काम केलं की जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळा चांगला माल बाद.

खरात साहेबांनी क्रेट बघितला आणि डोक्याला हात लावला. "ताई, कंपनी बंद पाडायची सुपारी घेतली का काय?" मग जरा शांत झाले. "पंधरा दिवसांनी परत परीक्षा घेतो. जमलं तर टेबल तुमचं. नाही तर महिनाअखेरीला काँट्रॅक्ट संपतंय, तुम्ही मोकळ्या."

मोकळी म्हणजे गावी. गावी भावानं स्थळ बघून ठेवलेलं. एकदा गेले की परत कोण पाठवतंय?

रडत जिना चढत होते. बाराव्या पायरीवर बाई भेटल्या. त्यांनी रडण्याचं काही विचारलं नाही, आकडा विचारला. ऐकून खूश झाल्या! "अगो, ही चूक माझ्या वर्गातली निम्मी पोरं करतात. थांब इथेच. हलू नको."

वरून खोक्याचा पुठ्ठा, कात्री आणि टॅब घेऊन आल्या. पुठ्ठ्याच्या दहा सारख्या पट्ट्या कापल्या आणि बाराव्या आणि तेराव्या पायरीमधल्या उंचीत एकावर एक चिकटवल्या. "पाच मोज. हात लाव. हे साडेबारा. आता चार मोज. वर की खाली?"

"खाली. पण अठ्ठेचाळीस कुठंय?"

"आत अजून आहे," बाई म्हणाल्या. हे त्यांचं आवडतं वाक्य. टॅबवर संख्यारेषा होती. चार आणि पाचच्या मधे दोन बोटं ठेवून त्यांनी ती फाकवायला लावली. रेघ उघडली आणि आत आणखी दहा बारीक रेघा. मी आठवी मोजली. पाचाच्या पट्टीखालीच होती ती. किती साधं! आणि मी क्रेट भरला होता.

पंधरा दिवस बाईंनी मला सोडलं नाही. माझ्या बोटांनीच पट्ट्या कापून घेतल्या. चुकले की मालवणीत ओरडायच्या, "असां नाय गो!" कंटाळले की म्हणायच्या, "रडायचं तर रड, पण मोजत रड." अण्णा येता-जाता विचारायचे, "बाई, हिला बारावरनं तेरावर कदी जाऊ देनार?"

परीक्षेला खरात साहेबांनी पाच पिना मोजून लहानापासून लावायला सांगितल्या. मी डोळे मिटले, पाय नकळत उचलायला लागले.

"मॅडम, उभ्या उभ्या कुठं निघालात?"

"बारा पूर्णांकाच्या वर, साहेब."

पाचही बरोबर आल्या. टेबल मिळालं. लाइनवरच्या चार पोरी लगेच म्हणाल्या, आम्हालाही ने. तसा बाईंचा रविवारचा वर्ग सुरू झाला.

पेढे घेऊन वर गेले तेव्हा बाई चहा टाकत होत्या. टॅब माझ्या हातात. साडेसात झाले आणि तो टिंग वाजला. काचेवर सरावाच्या ॲपची अक्षरं आली : "आई बरेच दिवस सरावाला आली नाही. तिला आठवण करून द्या."

मला वाटलं, वर्गातल्या कुणा मुलीचं टोपणनाव. तसं विचारलंही.

"माझी आई," बाई आतूनच म्हणाल्या. "काजूच्या कारखान्यात होती. शाळा बघितलीच नाही तिने. मी तिला रोज साडेसातला फोनवर शिकवायचे. शंभरपर्यंत आली होती, गो. आता दोन वर्षं होतील ती गेल्याला."

"बंद करून देऊ का हे?"

"नको. वाजू दे."

चहात साखर नव्हती. दोघींनी तसाच प्यायला. मग त्यांनीच सांगितलं, दिवसकार्य उरकून आईच्या कणकवलीच्या घराला कुलूप लावलं, ते अजून उघडलेलं नाही. का, तर सवड नाही. "आता तर रविवारीही वर्ग आहे ना!"

वर्गाचं निमित्त मी त्यांच्याकडे फार दिवस राहू देणार नाही. अजून टक्केवारीत अडखळते, पण शिकतेय. कधी तरी तो वर्ग मी घेईन, लागोपाठ दोन रविवार. परब बाईंना स्वतः कणकवलीच्या गाडीत बसवून देईन, आणि कुलूप उघडल्याचा त्यांचा फोन येईपर्यंत फोन हातातून खाली ठेवणार नाही.